धांदल्याचं कुलूप

एवढं अवाढव्य सरकतं छप्पर, पण त्याला जागच्या जागी अडवून ठेवायला मुठीत मावेल एवढं कुलूप पुरतं. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. त्याला वाटतं, इथे कॉम्प्युटर असतील, कुठे कुठे लाल दिवे लुकलुकत असतील. ते असतातच. पण छपरावर चढणाऱ्या माणसाचा जीव खालच्या खोलीतल्या एका लोखंडी पट्टीवर टांगलेला असतो. वर जायचं तर आधी आपलं कुलूप त्या पट्टीला लावायचं आणि किल्ली खिशात टाकायची. पट्टीवर एक जरी कुलूप लटकत असलं तरी मोटारींना वीज जात नाही. मग साहेबांनी बटणावर बुक्क्या मारल्या तरी छप्पर हूं की चूं करत नाही. एका कुलपाला एकच किल्ली, आणि ती त्याच्या मालकाबरोबर वर. नोकरीला लागलं की पहिल्याच दिवशी देशोदेशीच्या स्टेडियमांचे फोटो दाखवत, कुठलं छप्पर पाकळ्यांसारखं उमलणारं, कुठलं पडद्यासारखं ओढलं जाणारं, आणि मग हा नियम घोकून घेत.

हा नियम मोडायची अक्कल आमच्या धांदल्यालाच सुचली.

धांदल्या म्हणजे छपराच्या चाकांना ग्रीस घालणारा. हाताचा चांगला, कामाला वाघ, पण डोकं म्हणजे चाळणी. काम झालं की खाली उतरायचा, हात धुवायचा आणि कुलूप पट्टीवर तसंच ठेवून घरी जाऊन ताणून द्यायचा. इकडे छप्पर हलेना म्हणून बोंबाबोंब. छप्पर चालवायच्या खुर्चीवर कोण, तर त्याचीच सख्खी वहिनी. तिच्याच शब्दावर त्याला ही नोकरी लागलेली, त्यामुळे साहेबांची बोलणी तिलाच खावी लागत. "भावजी, उठा! तुमचं कुलूप राहिलंय!" असा तिचा फोन यायचा आणि हा डोळे चोळत, शर्टाची बटणं लावत धावत सुटायचा. असं दोनदा झालं, चारदा झालं. शहाण्या माणसानं कानाला खडा लावला असता. ह्यानं काय केलं? दुसरी किल्ली करून आणली.

"वहिनी, ही ठेव तुझ्याकडे. कुलूप राहिलं तर तूच काढत जा. माझी झोप मोडू नकोस."

"अहो, वेड लागलंय का? साहेबांना कळलं तर दोघांनाही घरी बसवतील."

"कोण सांगतंय त्यांना? घरातल्या घरात तर आहे."

तिनं आधी नाही नाही म्हटलं, मग पर्समध्ये टाकली. तेव्हापासून सगळं सुरळीत. कुलूप राहिलं की ती मुकाट्यानं काढायची आणि संध्याकाळी जेवताना ताट वाढता वाढता त्याच्या पुढ्यात ठेवायची. "घ्या, तुमचं बाळ विसरला होतात." भाऊ हसायचा, हाही हसायचा. साहेबांच्याही ते पुढे लक्षात आलं, पण छप्पर वेळेवर हलतंय म्हटल्यावर त्यांनी काणाडोळा केला.

त्या दिवशी दुपारी मोठा सामना होता. धांदल्याची पाळी त्याआधीच संपलेली. निघता निघता त्याला आठवलं, सकाळी छप्पर उघडताना एक चाक किंचाळत होतं. ऐन सामन्यात ते पुन्हा बोंबललं तर हजारो माणसांच्या कानाला त्रास आणि वहिनीच्या डोक्याला ताप. म्हणाला, दोन मिनिटांचं तर काम. नियंत्रण खोलीत कुणी नव्हतं. वहिनी साहेबांच्या बैठकीला गेली होती. त्यानं पट्टीला कुलूप लावलं. वरून काही पडून प्रेक्षकांच्या डोक्यात बसू नये म्हणून फोन खालीच ठेवायचा असतो, तो त्यानं जिन्याजवळच्या कपाटात ठेवला. वॉकीटॉकी दोरीनं कमरेला बांधून न्यायची असते, ती चार्जिंगला होती. राहू दे, म्हणाला. गेलाच.

छपराची चाकं ज्या रुळावर धावतात तो रूळ म्हणजे एक लांबच लांब लोखंडी गल्ली. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या वर गेलेल्या गुळगुळीत भिंती, वर उघडं आभाळ, आणि आत शिरायला एकच दार. छपराचे दोन भाग दोन टोकांना उभे. बंद करायचं झालं की दोन्हीकडून चाकांचे गाडे सरकत येतात आणि बरोबर मध्यावर एकमेकांना टेकतात. धांदल्या आत शिरला, चाकाला ग्रीस लावलं, फडक्याला हात पुसले, आणि तेवढ्यात वाऱ्यानं दार धाडकन आपटलं. त्यानं आतली मूठ फिरवली. मूठ निखळून हातात आली.

"झालं! आता बसा बोंबलत," तो स्वतःलाच म्हणाला.

आधी त्याला हसूच आलं. दारावर लाथा घातल्या, भिंतीवर चढायला बघितलं. ग्रीसचे बूट, कुठले टिकतात? घसरून आपटला. मग ओरडला. पण खाली स्टेडियम भरत आलेलं, बँड वाजत होता, तिथे ह्याचा शंख कोण ऐकणार? गल्लीवर एक कॅमेरा रोखलेला असतो. त्याच्यापुढे उभा राहून त्यानं खूप हातवारे केले. मग लक्षात आलं की पाखरांनी त्याची काच पार बरबटवून टाकली आहे. ती काच पुसायचं काम त्याचंच. गेला आठवडाभर तो ते उद्यावर ढकलत होता.

तरी त्याला भीती वाटत नव्हती. उन्हानं लोखंड तापलेलं, घसा कोरडा पडलेला, पण मरणार थोडाच होता? सामना संपेल, कुणीतरी येईल. पट्टीवर कुलूप आहे तोवर छपराची काय बिशाद हलायची! तो भिंतीच्या सावलीत टेकला.

आणि मग त्याला ती दुसरी किल्ली आठवली.

तो धडपडत उठून उभा राहिला. एवढ्या वेळात ऊन कधी गेलं हे त्याला कळलंच नव्हतं. आता वर बघतो तर ढग काळेकुट्ट, अगदी डोक्यावर. पाऊस येणार, म्हणजे छप्पर मिटवावं लागणार. वारा वाढला की छप्पर आपोआप अडतं, म्हणून साहेब वाऱ्याच्या आधीच ते मिटवायची घाई करणार. वहिनी पट्टीकडे बघणार. आणि पट्टीवर तिला काय दिसणार? धांदल्याचं कुलूप. तिला काय वाटणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

"वहिनी, नको गं," तो मोठ्यानं म्हणाला. "ह्या वेळी खरंच मी आहे."

ती आधी फोन करेल, असं त्यानं मनाशी धरलं. करेलच. पण फोन खाली कपाटात वाजत राहणार, आणि ती म्हणणार, झोपलाय मेला घोड्यासारखा. भाऊ कामावर, घरी बघून यायला कुणी नाही. बरं, ती थोडी थांबेल? जिन्यावर कुणाला तरी पाठवेल? मागे इतक्या वेळा तिनं किल्ली लावली तेव्हा कुठे कुणाला पाठवलं होतं? त्यानंच तिला सांगितलं होतं, विचारत बसू नकोस, काढून टाक. स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, आणि त्यानं खरंच मारून घेतली.

पावसाचे दोन थेंब त्याच्या मानेवर पडले. त्यानं दाराला खांदा लावून धडका द्यायला सुरुवात केली. आई आठवली, भाऊ आठवला. वहिनीचा राग येत होता आणि तिच्यावरच सगळी आशाही होती. ती हुशार आहे, तो म्हणत राहिला, ती नाही लावणार, आज नाही लावणार.

मग त्याच्या पायाखालून, छपराच्या कडेला टांगलेल्या कर्ण्यांतून घोषणा झाली. प्रेक्षकांनी आपापल्या जागी बसावे, छप्पर बंद करण्यात येत आहे.

पट्टी मोकळी झाल्याशिवाय ही घोषणा होत नाही. म्हणजे लावली. वहिनीनं किल्ली लावली.

तो ओरडलासुद्धा नाही. भोंगा झाला. दाराजवळचा गाडा कण्हला, आणि त्याची कमरेएवढी चाकं रुळावरून हळूहळू त्याच्याकडे यायला लागली. घाई नाही, गडबड नाही. ज्या चाकाला त्यानं नुकतंच ग्रीस लावलं होतं ते आता हूं की चूं न करता फिरत होतं. खाली लोक टाळ्या वाजवत होते. छप्पर मिटताना बघायला लोकांना फार आवडतं. तो मागे सरकत गेला, मग वळून पळाला. पळून जाणार कुठे? मध्याच्या पलीकडून दुसरा गाडा तेवढ्याच सावकाशीनं येत होता. पावसानं रूळ निसरडा झालेला. पडला, उठला. मध्यावर येऊन उभा राहिला, कारण तिथून पुढे जायला जागा नव्हती आणि मागे जायलाही. त्यानं पाठ ह्या गाड्याला लावली, दोन्ही हात त्या गाड्याला लावले आणि ढकलायला लागला. एवढ्या मोठ्या छपराला तो एकटा ढकलत होता! हात कोपरात दुमडले. छाती दबली. श्वास अर्ध्यावर अडकला. त्यानं डोळे मिटले.

वाऱ्याचा एक सोसाटा आला, सगळं छप्पर थरथरलं, आणि गाडे थांबले.

वारा वाढला की छप्पर अडतं ते असं. यंत्राला ना दया ना माया. काटा पुढे गेला, वीज तुटली, बस. थोडा उशीर झाला असता तर ही गोष्ट सांगायला कुणी उरलं नसतं. धांदल्या दोन गाड्यांच्या मध्ये पोत्यासारखा चेपलेला, पाऊस तोंडावर घेत, तोकडे तोकडे श्वास घेत उभा राहिला. ओरडायला छातीत हवा नव्हती.

छप्पर असं मधेच अडलं की रूळ माणसानं पाहून आल्याशिवाय ते पुन्हा हलवायचं नसतं. रूळ बघायचं काम धांदल्याचं, आणि धांदल्या तर घरी! म्हणून वहिनी स्वतःच निघाली आणि चिडलेले साहेब तिच्या मागोमाग. दार उघडलं. ती गल्लीतून चालत मध्यापर्यंत आली आणि तिला गाड्यांच्या फटीतून एक हात दिसला.

"भावजी," एवढंच ती म्हणाली, आणि साचलेल्या पाण्यात मट्कन खाली बसली.

साहेब आधी पांढरेफटक पडले. मग धावत खाली जाऊन त्यांनी हातानं फिरवायच्या चाकानं पलीकडचा गाडा मागे घेतला, परत वर आले, धांदल्याला ओढून काढलं, हातपाय चाचपले. दोन बरगड्या सोडल्या तर सगळं शाबूत होतं. त्यांनी मागे वळून बघितलं. अजून वर कुणी आलं नव्हतं.

"नीट ऐका," ते दबक्या आवाजात म्हणाले. "ह्याचं कुलूप नीट बसलं नव्हतं, ते पट्टीखाली पडलेलं हिला दिसलं, हिला शंका आली, हिनं छप्पर थांबवलं. किल्ली वगैरे काही नव्हतीच. नाहीतर आपण तिघंही आत जाऊ. कळलं?"

दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. न बोलणं म्हणजे हो, असं साहेबांनी धरलं, आणि ते खरंच होतं.

मग काय विचारता! टीव्हीवर वहिनी, पेपरात वहिनी. स्टेडियमच्या लोकांनी मैदानात बोलावून तिला फुलं दिली, हजारो माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिनं मान वर केली नाही. लोक म्हणाले, बाई किती साधी आहे.

भावाचा तर आनंद गगनात मावेना. धांदल्या दवाखान्यातून घरी आला त्या संध्याकाळी त्यानं शेजारपाजारचे सगळे गोळा केले. "माझ्या बायकोनं माझा भाऊ परत दिला मला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मग त्यानं धांदल्याच्या पाठीवर हात ठेवला. "खरं सांग, वर काय वाटत होतं तुला? हिच्यावर भरवसा होता ना?"

सगळे धांदल्याकडे बघायला लागले. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

"होता," धांदल्या म्हणाला.

खोटं नव्हतं ते. वहिनी ट्रे तसाच घेऊन मागच्या मागे स्वयंपाकघरात गेली. "रडतेय," भाऊ कौतुकानं म्हणाला. "मनानं फार हळवी आहे ती."

धांदल्या बरगड्या धरत उठला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेला. ती ओट्याला टेकून उभी होती. बाहेर हसण्याखिदळण्याचा आवाज.

"भावजी," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी फोन केला होता हो. दोनदा केला. साहेब डोक्यावर उभे होते."

"माहीत आहे मला. किल्ली मीच दिली होती, वहिनी. चूक माझी आहे."

"ते सोडा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला एकच सांगा. वर घोषणा ऐकू आली होती?"

त्यानं पेला तोंडाला लावला.

"नाही गं," तो म्हणाला. "एवढ्या गोंगाटात कुठलं काय ऐकू येतंय."

कर्णे त्या गल्लीच्या बरोबर खाली टांगलेले आहेत हे त्या स्टेडियममध्ये तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनं त्याचा दंड धरला, घट्ट धरला, आणि बाहेरून भाऊ दोघांच्या नावानं हाका मारायला लागला तरी तिनं तो सोडला नाही.