गाळलेलं मेण

तिसऱ्यांदा हात मेणात बुडवून बाहेर काढले, तेव्हा कुठे तिच्या उजव्या हाताचा अंगठा हलला. भांड्यावर हात तसेच धरून ती थांबली. बोटांवरचं मेण हळूहळू पांढरं पडलं, दुधावर साय धरावी तसं. मग पुन्हा बुडवले. ऊब आत सांध्यांपर्यंत पोचली आणि तिने डोळे मिटून घेतले.

खरं तर या भांड्याची तिला शिसारी होती. कातडी मऊ व्हावी म्हणून गिऱ्हाइकांच्या हातापायांना ज्यातलं मेण लावायचं, तेच भांडं ती पाच वर्षं घासत आली होती. त्यात काय काय जातं हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नसतं तर फार बरं झालं असतं. पण दुखऱ्या बोटांना कुठली आलीय शिसारी. त्यांना ऊब मिळाली की झालं.

पार्लर उघडायला अजून अवकाश होता. शटर अर्धं वर होतं, दिवे बंद होते, काल कापलेल्या केसांचा आणि फिनाइलचा वास एकमेकांत मिसळून बसला होता. किल्ली तिच्याकडे असायची. कामाला दोघीच, म्हणून मालकीणताईंनी त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं ठेवली होती, आणि गिऱ्हाइकंही त्यांना त्याच नावांनी हाक मारत. थोरली ती. बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन तिला आठवडा झाला होता. आठवडाभर जी येईल ती बाई तिच्या गालाला हात लावून म्हणत होती, चेहऱ्यावर काय तेज आलंय गं. तेज कसलं, डोंबल. रात्रभराच्या जागरणाने तोंड सुजलं होतं. पुन्हा वर, रात्री झोपतो का, तुझ्यावर गेलाय की बापावर, अंगावर पाजतेस ना. आपल्या कपाळावरचे केस उपटून घेता घेता बायका तिच्या ब्लाउजच्या आतली चौकशी करायच्या, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही.

हातांबद्दल मात्र कुणी विचारलं नव्हतं, कारण ती हात दाखवतच नव्हती. पोटात बाळ होतं तेव्हा सांधे कसे गुमान होते. इतके, की आजार गेलाच असं तिला वाटायला लागलं होतं. बाळ बाहेर आलं आणि दुखणं व्याजासकट परतलं. डॉक्टर म्हणाले, जालीम गोळ्या परत सुरू करायच्या तर अंगावरचं दूध बंद करावं लागेल, काय ते ठरवा. सासू म्हणाली, पोराच्या तोंडचं काढायचं का आता. नवरा म्हणाला, तू म्हणशील तसं. ज्याने त्याने आपलं म्हणून घेतलं आणि ती पाजत राहिली. सकाळी पोराला उचलायचं तर बोटं मिटत नाहीत, म्हणून ती दोन्ही कोपरांत त्याला धरायची, सरपणाचा भारा धरावा तशी. तिला स्वतःचीच चीड यायची.

"हे काय चाललंय?"

मालकीणताई शटरखालून वाकून आत आल्या होत्या. एरवी त्या सगळं झाडून-पुसून झाल्याशिवाय यायच्या नाहीत. धाकटीने सांगितलं असणार, दुसरं कोण.

"हात आखडतात, ताई. मेणात धरले की सुटतात. गिऱ्हाइकं यायच्या आत माझं उरकतं."

ताई जवळ आल्या. मेणाच्या थराखालूनही बोटांची पेरं फुगलेली दिसत होती. ताईंनी नाकाला रुमाल लावला. वास मेणाचाच होता, रोजचा.

"अगं, आपल्या बायका ज्यात हात घालतात, त्यात तू हे असले हात घातलेस?"

"संधिवात आहे, ताई. त्याची लागण होत नाही."

"मला माहितीये गं. मला काही नाही वाटत, मी तुला बहीण मानते. पण बायकांना किळस वाटते ना."

बहीण मानणाऱ्या ताईंनी दोन बोटांत फडकं धरलं, फडक्यात भांड्याचा कान धरला आणि सगळं मेण पाय धुवायच्या टबात ओतून दिलं. मग भांडं लांबूनच मोरीत ठेवलं. तिचे हात तसेच पुढे धरलेले राहिले, अर्धवट मेणातले.

"संध्याकाळी नीट गाळून घे ते," ताई म्हणाल्या. "आज दोनदा गाळ."

ती बघतच राहिली. आरशावर ताईंनीच चिकटवलेला कागद होता, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: प्रत्येकीला नवं मेण. आणि खाली, मांडणीच्या तळाशी, बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. दिवसभर बायकांच्या हातापायांवरून सोललेलं मेण त्या डब्यात जायचं. संध्याकाळी तेच वितळवून मलमलच्या फडक्यातून गाळायचं आणि परत भांड्यात ओतायचं. फडक्यात राहायचे केस, नखांचे तुकडे, टाचांची साल. ते फडकं धुवायचं कामही तिचंच. पहिल्या वर्षी तिला त्यावर जेवण जायचं नाही. मग जायला लागलं, आणि ते जायला लागलं याचीच तिला जास्त किळस वाटली. शंभर परक्या टाचा ताईंना चालत होत्या. तिचे हात तेवढे चालत नव्हते.

"आणि हे बघ," ताईंनी रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. "तुझ्या हातांवर आता तुझा ताबा राहिलेला नाही. त्यात तुझा काही दोष नाही. तू काउंटरला बस. फोन घे, वेळा लिहून ठेव, पोराला पाजून ये मध्येच. आरामाचं काम. खुर्ची धाकटीला देऊ."

खुर्ची म्हणजे नुसती खुर्ची नव्हे. खिडकीजवळची ती खुर्ची, आणि तिच्यासाठी येणाऱ्या बायका. आज तिने ती सोडली की महिन्याभरात त्या बायका धाकटीच्या होणार आणि वर्षाभरात काउंटरवरही तिची गरज उरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ताईंनी आजवर कुणाला काढलं नव्हतं. त्या फक्त आराम द्यायच्या.

"आज वकीलबाई येणार आहेत," ती म्हणाली. "त्या माझ्याशिवाय कुणाकडून करून घेत नाहीत."

"त्यांचं जमलं तर बघू पुढचं."

बघू म्हणजे नाही. ताईंच्या भाषेत तो शब्द तिने पाच वर्षं ऐकला होता.

वकीलबाई वेळेच्या आधीच आल्या, नेहमीप्रमाणे घाईत. काळा कोट खुंटीला अडकवला आणि खुर्चीत मान टेकवली. ती मागे उभी राहिली. इतर बायका दोऱ्याचं टोक दातांत धरतात. तिला सकाळी जबडाही नीट उघडत नसे, म्हणून तिने दोरा मानेभोवती घ्यायची सवय करून घेतली होती. मधे पीळ घातला, बोटं फाकवली.

बोटं फाकतात तेव्हा पीळ पुढे सरकतो आणि केस निघतो. इतकंच काम. त्यासाठी अंगठा आणि पहिलं बोट दूर जायला पाहिजे, आणि परत यायला पाहिजे, टिचक्या वाजवाव्यात इतक्या भरभर. डावी भुवई तिने ओठ घट्ट मिटून पुरी केली. छान झाली. मग ती उजवीकडे गेली आणि अंगठा अडकला. तिने दुसऱ्या हाताने जोर लावला तर दोरा तुटला. नवा घेतला, तोही तुटला. ब्लाउजच्या आत दूध पाझरायला लागलं होतं, ओल पसरत चाललेली तिला कळत होती. पाठीला ताईंची नजर जाणवत होती.

"मी करू का?" धाकटी हळूच म्हणाली. आवाजात काळजी होती, तीही अगदी मोजून मापून.

"तिच्याकडून नको हं," वकीलबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मागे तुम्ही नव्हता तेव्हा तिने मला अशा भुवया करून दिल्या, की महिनाभर जज्जसाहेब मला विचारत होते, एवढं आश्चर्य कशाचं वाटतंय."

धाकटी मागे सरली. ताई हसल्या, पण नुसत्या दातांनी.

"थोडा वेळ द्या, मॅडम," ती म्हणाली, आणि टबाकडे गेली.

वर पांढरी कवची धरली होती. तिने बोटांनी ती फोडली. खाली मेण अजून कोमट होतं. ताईंनी मोठ्याने श्वास घेतला, पण गिऱ्हाईक बसलेलं, बोलणार काय. तिने दोन्ही हात मनगटापर्यंत घातले आणि सगळ्यांदेखत तशीच बसून राहिली.

वकीलबाई उठून बसल्या. एक भुवई कोरलेली, दुसरी झुपकेदार.

"हे काय करताय?"

"संधिवात आहे मला. बाळ झाल्यापासून वाढलाय. मेणात धरले की बोटं उघडतात."

"दुखतं?"

"हो."

"मग घरी का नाही राहिलात अजून थोडे दिवस?"

तिने मेणातच बोटांची उघडझाप करून पाहिली. वकीलबाई तिच्या हातांकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती जी किळस शोधत होती ती तिला दिसली नाही.

बोटं सैल झाली. तिने हात बाहेर काढले, मेण घट्ट होऊ दिलं आणि मनगटापासून सोलायला सुरुवात केली. थर अख्खा निघाला, बोटांच्या आकाराचा, फुगलेल्या पेरांसकट. कचऱ्याची टोपली तिच्या कोपराशीच होती. ती वाकली. गुडघे कुरकुरले तरी पुरती खाली वाकली, मांडणीच्या तळचा बिस्किटांचा डबा ओढला, झाकण काढलं आणि हातातलं मेण आत टाकलं, रोज टाकायची तसंच.

डब्यात कालची पावलं होती. काल संध्याकाळी गाळायचं राहून गेलं होतं. कुणाच्या टाचेची भेग मेणात जशीच्या तशी उठलेली, कुणाची पाच बोटं, अंगठ्यापाशी चिकटलेला एक काळा केस.

वकीलबाईंनी डब्यात पाहिलं. मग आरशावरचा कागद वाचला. मग परत डब्यात पाहिलं.

"ते टाकायचंय," ताई म्हणाल्या. "टाकायचंच असतं ते."

"टाकायचं असतं तर झाकण कशाला लागतं?"

ताईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने कंगवे पुसायला घेतले.

वकीलबाईंनी आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. थोरली रजेवर जायच्या आधी त्यांनी पायांना मेण लावून घेतलं होतं, चांगला अर्धा तास, कुठलंसं मासिक चाळत.

"दुसरी भुवई पुरी करा," त्या शेवटी म्हणाल्या. "मला अशी कोर्टात जाता येणार नाही."

तिने दोरा मानेभोवती घेतला. आता अंगठा सरकत होता. वकीलबाईंनी दोन बोटांनी कातडी ताणून धरली.

"हे परत भांड्यात कोण घालतं?"

"मी."

"रोज?"

"रोज. रजा सोडून."

"तुम्हाला काही वाटलं नाही?"

"किळस वाटायची."

"तरी केलंत."

"हो," ती म्हणाली. "हलू नका."

भुवई पुरी झाली. वकीलबाईंनी आरशात पाहिलं, पैसे काउंटरवर ठेवले, कोट चढवला. दारात थांबून त्या ताईंशी नव्हे, तिच्याशी बोलल्या.

"मी येईन पुढच्या महिन्यात. भुवयांपुरती. तुम्ही असाल तर."

दार बंद झालं. ताईंनी आरशापाशी जाऊन त्या कागदाचा एक कोपरा नखाने खरवडला, मग नुसत्याच उभ्या राहिल्या.

"मुद्दाम केलंस तू."

ती तुटलेले दोरे गोळा करत होती. फुगलेल्या बोटांनी एकेक उचलून तिने तळहातावर घेतले आणि टोपलीत टाकले.

"हातांवर माझा ताबा कुठे राहिलाय, ताई," ती म्हणाली. "सकाळी तुम्हीच म्हणालात."

कंगवे पुसता पुसता धाकटीला ठसका लागला. तिने तोंड फिरवून घेतलं. मग कुणी न सांगताच तो पत्र्याचा डबा उचलला आणि मागच्या दाराकडे निघाली. टबापाशी ती थांबली.

"हेही टाकू?"

प्रश्न तिने ताईंकडे बघून विचारला नव्हता.

"टबातलं मेण राहू दे," थोरली म्हणाली. "ते मला सकाळी लागतं."

बाहेरून कुणीतरी दार ढकललं. तिने ओला ब्लाउज झाकायला ॲप्रन वर ओढला, खिडकीजवळच्या खुर्चीवर फडकं मारलं आणि खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.