निरोगी गाल

मशीन सुरू करायचं तर सकाळी आधी धाकटीनं आ करायचा, हा लॅबचा शिरस्ता. तिच्या गालाचा आतून फोटो निघायचा, तो ‘निरोगी’ म्हणून ठेवला जायचा आणि दिवसभर येणाऱ्या पेशंटचे फोटो त्याच्याशी ताडून बघायचे. ताई डॉक्टर, धाकटी तिची सख्खी बहीण आणि टेक्निशियन. “फुकटात मिळालेला गाल आहे,” असं ताई हसून सगळ्यांना सांगायची. धाकटीला त्याचा कोण तोरा!

कॅमेऱ्याची करामत अशी, की ध्रुवीकृत प्रकाशामुळे वरची चमक गाळली जायची आणि खालचे तंतू दिसायचे. तंतू शिस्तीत असले की फोटो निळाशार. कॅन्सरच्या वाटेला लागलेली जागा नुसत्या डोळ्यांना कळायच्या आधीच त्यात पिवळे ठिपके उमटायचे.

मंगळवारी ताई मीटिंगला गेली होती. तिच्या भाषणासाठी चित्रं शोधताना धाकटीनं ‘सुरुवात’ नावाचा फोल्डर उघडला. एकाच गालाचे त्र्याण्णव फोटो, तारीखवार. चाळिसाव्यात एक पिवळा ठिपका, साठाव्यात पाच, शेवटी चांगला पट्टाच. नाव कुठेच नव्हतं, पण कोपऱ्यात चांदी भरलेली दाढ होती. ती भरताना धाकटीचा हात ताईनंच धरला होता.

मग तिनं ‘निरोगी’ फोल्डर बघितला. गेले दोन महिने तिथे वॉचमनचा गाल होता.

ताई परत येताच धाकटीनं स्क्रीन तिच्याकडे वळवली. “हे कधी सांगणार होतीस?”

ताई खुर्चीत बसली. खोटं मात्र बोलली नाही. “शंभर झाले की. अगं, पहिल्या दिवसापासूनचे असे रोजचे फोटो कुणाकडेच नाहीत. अजून लहान आहे ते, काढून टाकता येईल. मी लक्ष ठेवून होते ना!”

“माझ्यावर, की ठिपक्यांवर?”

परक्यानं केलं असतं तर धाकटीनं त्याला फाडून खाल्लं असतं. इथे सख्ख्या बहिणीनं केसानं गळा कापला होता, आणि रोज सकाळी मान पुढे करणारी ती स्वतःच होती.

“बघू दे गं,” म्हणत ताईनं तिच्या हनुवटीला हात लावला. सवयीनं धाकटीचं तोंड उघडलं. तिनं ते घट्ट मिटलं, पर्स उचलली आणि ती बाहेर पडली.

तासाभरानं ती दुसऱ्या हॉस्पिटलच्या खिडकीशी उभी होती. तुकडा तपासायला काढायचा म्हणून बाई फॉर्म भरत होत्या.

“जवळचं माणूस कोण? नाव सांगा.”

इतकी वर्षं त्या रकान्यात एकच नाव जायचं.

“कोणी नाही,” धाकटी म्हणाली.