भंडाऱ्याची शपथ आणि एक वेगळा मणी

लालासाहेब सुभेदार होऊन फौजेतून घरी आलेला गडी. थाप मारायला गेला तर कान लाल व्हायचे त्याचे. पण तीन महिन्यांची साखर दाखवणारा रिपोर्ट काही खाली यायचं नाव घेईना. बायकोनं, अंजनानं, चहा बिनसाखरेचा केला, गुळाची ढेप कुलपात टाकली. तरी ये रे माझ्या मागल्या. मग तिचा संशय गेला घरच्या गुऱ्हाळावर.

"चोरून काकवी खाताय तुमी. न्हाई म्हणताय तर उचला बेल-भंडारा!"

पालीच्या खंडोबाचा भंडारा हातात घेऊन लालासाहेबानं शपथ घेतली. पुढचा रिपोर्ट आणखी वाढून आला. साखर गेली खड्ड्यात; नवरा देवापुढं खोटं बोलला, ही भीती अंजनाला खात होती.

तो रिपोर्ट बघून जुन्या डॉक्टरनं वाढवलेल्या मधुमेहाच्या गोळ्यांनी लालासाहेब उसात चक्कर येऊन पडला. अंजनानं त्याला मलकापुरात नव्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी बोटातलं रक्त तपासलं, तर साखर चक्क घसरलेली. त्यांनी गोळ्या थांबवल्या आणि रक्त वेगळ्या तपासणीला धाडलं. तो निकाल आल्यावर दोघांना समोर बसवलं.

"रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे प्रथिन. अमिनो आम्लांच्या माळा, तुमच्या बोरमाळेसारख्या. कोणत्या मण्यापुढं कोणता, त्यावर माळ कशी दुमडणार आणि काय काम करणार ते ठरतं. यांच्या माळेत जन्मापासून एक मणी वेगळा आहे."

"म्हंजी वंगाळ हाय?" अंजना घाबरली.

"अजिबात नाही. याच रक्तावर ते फौजेत धावले. फक्त तीन महिन्यांत हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजणारं यंत्र या वेगळ्या हिमोग्लोबिनला फसतं, नसलेली साखर दाखवतं. गोळ्या थांबवूनही बोटातल्या रक्ताची साखर नीट आहे; यांना मधुमेह नाहीच."

"मग ह्येंची शपथ खरी हुती?"

"कसली शपथ?" बाईंना काही कळेना.

अंजना मात्र पदर तोंडाला लावून दवाखान्यातच रडली. छातीवरचा धोंडा उतरला होता.

संध्याकाळी गुऱ्हाळावर तिनं गरम गुळाचा खडा स्वतः नवऱ्यापुढं धरला. लालासाहेब हात मागं बांधून परेडला उभा राहावा तसा उभा.

"आधी उचल बेल-भंडारा. पुन्यांदा संशय घ्यायची न्हाईस."

"आवं, खावा की गप! हात भाजतुया."

तो हलला नाही. रस उकळणाऱ्या चुलवाणाच्या पूजेचा भंडारा शेजारीच होता. अंजनानं भाजत्या हातात गूळ तसाच धरला आणि दुसऱ्या हातानं भंडारा उचलला.