उडी उशिरा लागते

यंदा आलेले सगळे गेम भिकार आहेत, असं दादाचं मत पडलं. हे मत त्याने घरच्या ग्रुपवर टाकलं. त्या ग्रुपवर गेम खेळणारे दोघेच, तो आणि मी, आणि त्या वेळी आम्ही दोघेही एकाच सोफ्यावर बसलो होतो. मामांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मामा वाढदिवसापासून मयतापर्यंत तेच पाठवतात.

दादा दातांचा डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. वहिनी खाली काउंटर सांभाळते, आणि मोठं काम असलं की आत जाऊन पेशंटच्या तोंडात सक्शनची नळी धरून उभी राहते. रविवारी दवाखाना बंद असतो. त्या दुपारी आम्ही भाऊ नवीन आलेला गेम लावतो. लहानपणी दोघांत एक कंट्रोलर होता आणि त्यावरून मारामारी व्हायची. आता दोन आहेत, म्हणून आम्ही मतं मांडतो.

दादाची मतं ऐकण्यासारखी असत. तलवारवाल्या गेमबद्दल तो म्हणाला, देखणा आहे, पण बटण दाबलं की आधी अर्ज जातो, मग मंजुरी येते, मग हा गृहस्थ तलवार उचलतो. गाड्यांच्या शर्यतीचा आला, त्याचं स्टिअरिंग म्हणे लोण्यात रोवलेलं होतं. एका भुताच्या गेममध्ये दार उघडायच्या आत भूतच बाहेर येऊन त्याला मारायचं. त्यावर त्याचं म्हणणं, बनवणाऱ्यांनी एकदा तरी स्वतः खेळून बघायला हवं होतं. मी प्रत्येक मताला मान डोलावली, तीही मनापासून. आमच्या वयाच्या माणसाला काहीही पूर्वीसारखं राहिलं नाही असं सांगितलं, की तो पुरावा मागत नाही.

मग मासेमारीचा गेम आला. शांत तळं, एक होडी, एक म्हातारा. यात तरी काही बिघडवता येणार नाही असं मला वाटलं होतं. दादाने थोडा वेळ गळ धरला आणि म्हणाला, "हा कंट्रोलर सारखा थरथरतोय. डोकं उठलं. ते कंपन बंद कर बघू."

मी सेटिंगमध्ये गेलो. कंपन बंदच होतं.

"केलं," मी म्हणालो.

"आता बरं आहे," दादा म्हणाला. पडद्यावर म्हाताऱ्याचा गळ हलत होता आणि सोफ्यावर दादाचा अंगठा.

त्या आठवड्यात वहिनीने मला दवाखान्यात बोलावून घेतलं. बाहेर कोणी नव्हतं, तरी ती हळू बोलत होती. एका शिक्षिकेची दाढ कोरताना ड्रिल निसटलं आणि गालाला आतून लागलं. टाके घालावे लागले. दादाने सांगितलं, पेशंट हलली. शिक्षिकेने तोंडात कापूस असतानाही माफी मागितली.

"ती हलली नव्हती, भाऊजी," वहिनी म्हणाली. "मी तिथेच होते."

तिने त्याला डॉक्टरकडे चला म्हणून सांगून बघितलं होतं. त्यावर त्याने दिव्याचा प्रकाश कमी पडतो म्हणून दिवा बदलून घेतला. मग खुर्ची हलते असं त्याच्या लक्षात आलं, म्हणून मेकॅनिक आला. मेकॅनिक खुर्चीवर बसून, झोपून, उड्या मारून गेला. खुर्ची ठणठणीत होती. आता दादा ड्रिलच्या कंपनीला पत्र लिहिणार होता.

"सोमवारी सकाळी पोस्टमनचं रूट कॅनल आहे," ती म्हणाली. "तुम्ही सांगा यांना. माझं ऐकायचे नाहीत. मी कुठे गेम खेळते?"

मी हो म्हणालो आणि रविवारपर्यंत सांगण्यासारखं एक वाक्य शोधत बसलो. एरवी माझ्याकडे वाक्यांचा तुटवडा नसतो.

रविवारी गच्च्यांवरून पळायचा गेम होता. दादा एकाच गच्चीवरून पुन्हा पुन्हा पडला. "उडी उशिरा लागते," तो म्हणाला. "उडी म्हणजे काय हेच विसरलेत हे लोक. थांब, तुला दाखवतो." आणि तो स्टुलावर चढून माळ्यावरचा जुना कन्सोल काढायला लागला. आमच्या कॉलेजच्या दिवसांतला. त्यावरचा एक गेम दादा डोळे मिटून खेळायचा; खरोखर मिटून, पैजा लावून.

मी म्हणालो, राहू दे. म्हणालो, इतक्या वर्षांनी डिस्क चालणार नाही, वायर सापडणार नाही, मशीन जळेल. वायर सापडली. मशीन चालू झालं. जुनी यंत्रं हवा तेव्हा दगा देत नाहीत.

पहिलाच खड्डा. घरी पाहुणे आलेली मुलंसुद्धा तो ओलांडायची. दादा पडला. हसला, हात बसायला हवा म्हणाला. पुन्हा पडला. दर वेळी तेच संगीत त्याच उत्साहाने पहिल्यापासून सुरू व्हायचं. त्याने वायर काढून फुंकर मारली, घट्ट बसवली, आणि पडला. मग बराच वेळ त्याने काहीच दाबलं नाही.

"तू मार," तो म्हणाला आणि कंट्रोलर माझ्याकडे दिला.

वहिनी धुतलेल्या टॉवेलांचा गठ्ठा घेऊन दारात उभी होती.

पडणं अगदी सोपं होतं. नुसतं बटण दाबायचं नाही. मी पडलो असतो तर दादाने मशीन जुनं झालं म्हटलं असतं, माझा चहा झाला असता, आणि सोमवारी सकाळी पोस्टमनने आ केला असता.

मी उडी मारली. पडद्यावरचा माणूस पलीकडे गेला.

"परत," दादा म्हणाला.

मी परत मागे आलो आणि परत पलीकडे गेलो. तिसऱ्यांदा त्याने सांगितलं नाही. तो उजव्या हाताकडे बघत होता, एक्स-रे उजेडात धरून बघावा तसा.

"गेम बरोबर आहे," तो म्हणाला.

"दादा..."

"बरोबर आहे म्हटलं ना." मग वहिनीकडे न बघता त्याने विचारलं, "उद्या पहिलं कोण?"

"पोस्टमन."

"त्याला फोन कर. दुसरीकडे जायला सांग."

"फक्त त्याला?"

"आधी त्याला," तो म्हणाला. "मग बाकीच्यांना."

वहिनीने टॉवेल खुर्चीवर ठेवले. आता ते खाली न्यायचे की कसं हे तिला कळेना. तिने ते पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले आणि तशीच जिना उतरून गेली.

"पुढे जा," दादा मला म्हणाला. "डावीकडे एक शिडी आहे. ती दिसत नाही, पण आहे." त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. मी डावीकडे गेलो. शिडी होती.

खालून वहिनीचा काउंटरवरचा आवाज ऐकू येत होता, रोजच्यासारखा गोड आणि स्पष्ट. ती पोस्टमनला दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर सांगत होती, दोनदा. चांगले आहेत, म्हणत होती, अजिबात घाबरू नका, त्यांचा हात फार हलका आहे.

"आवाज वाढव गेमचा," दादा म्हणाला.