मेणाचा बाजीराव

बाईने बाजीरावच्या गालात बोट खुपसलं आणि नवऱ्याला म्हणाली, "किती खरा वाटतो ना? गरमसुद्धा आहे."

खुर्चीवर मान टाकून बसलेला तो 'खरा' तेवढ्यात घोरला. बाई किंचाळली, नवरा खूश झाला. लोणावळ्याच्या त्या मेणपुतळ्यांच्या संग्रहालयात पहिल्यांदाच कुणाचं तरी तिकीट वसूल झालं. आतले सगळे थोर पुरुष एकाच साच्यातले होते, फरक मिशांचा.

संग्रहालयाचा मालक शेठ खरं तर या झोपाळू चौकीदाराला हाकलायलाच आला होता. फोटोसाठी लागलेली रांग बघून त्याने खुर्चीपाशी पाटी लावली: 'आळशी चौकीदार'.

हे नाव बाजीरावला नवं नव्हतं. आंदर मावळात भात लावता लावता तो चिखलात उभ्याउभ्या झोपला, तेव्हा गावाने त्याला मिरची हुंगवली होती. गावाचं वैद्यकशास्त्र तिथंच संपत होतं. बायकोला, सरुबाईला, मात्र वेगळीच धास्ती. घोरता घोरता नवऱ्याचा श्वास थांबायचा, मग दचकून सुरू व्हायचा. पाटी लागल्यावर तिनेच त्याला ओढत तळेगावला नेलं.

"हा आळस नाही, आजार आहे," तेजल डॉक्टरांनी रात्रभराच्या तपासणीनंतर सांगितलं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, अंग पुन्हा पुन्हा जागं होतं. रात्रीची राहिलेली झोप मग दिवसा गाठते. त्यांनी रात्री नाकावर लावायचं हवेचं यंत्र दिलं. ते लावून बाजीराव हत्तीसारखा दिसे, पण झोपे. कैक वर्षांनी सरुबाईही झोपली.

महिन्याभरात बाजीराव भर दुपारी टक्क जागा. शेठला तेच खुपलं.

"अरे, डोळे तरी मीट. नुसतं सोंग कर, पगार तोच."

"शेट, झोप यायची तवा झोपलो. आता न्हाई येत. ती पाटी काडा, मी जागा राहून राखण करतो."

पाटी निघाली नाही. शेठने जुन्या फोटोंवरून बाजीरावचाच पुतळा करवून घेतला. मान टाकलेली, तोंड उघडं. ह्याला पगार नको, चहा नको. चौकीदाराची गरज संपली.

बाजीराव वर्दी परत द्यायला आला, तेव्हा एका कुटुंबाने त्याला बाजूला सरकायला सांगितलं. फोटोत मध्येच येत होता.

ते गेल्यावर त्याने पाटी उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग पुतळ्याच्या गालात बोट खुपसलं. उकाड्याने मेण मऊ झालं होतं. पुतळा घोरला नाही. गालावर खळगा पडला, तो तसाच राहिला.