नावानं हाक मार

"पाण्याजवळ लेकराला नावानंच हाक मार गं," वर्दे आत्या म्हणाली होती. "'आई' म्हणू नकोस. कोण कुणाला बोलावतंय, पाण्याला कळत नाही."

ही मिलादची, म्हणजे दियालाच्या नवऱ्याची आत्या. दियालानं हसून विषय बदलला. सूर या त्यांच्या बंदरगावात आया लेकराला लाडानं 'आई' म्हणतात, बाप 'बाबा' म्हणतात. ती जिभेवरचीच गोष्ट. दूध पाजतानाही ती म्हणायची, "पी रे आई, पी."

रविवारी दुपारी बंदराच्या धक्क्यावर टेबलं मांडली होती. मिलादचा मित्र हन्ना हल्ली घरीच बिअर बनवायचा आणि चाखायला सगळ्यांना गोळा करायचा. समोर चार लहान पेले आणि वाटीत खारवलेले तुर्मुसचे पिवळे दाणे.

"ही संत्र्याच्या सालीची," हन्ना म्हणाला.

मिलादनं घोट घेतला. "सालीची? मला वाटलं चपलेची."

"गाढवा, तुला काय कळतंय! वहिनी, तुम्ही सांगा."

दियालाचा एक डोळा नाजीवर होता. तिचं अडीच वर्षांचं पोर मासेमारीच्या जाळ्यांपाशी बसून दाण्यांची सालं उडवत होतं. तिनं घोट घेतला, चव कळावी म्हणून क्षणभर डोळे मिटले. "कडू आहे, पण मागून..."

डोळे उघडले तेव्हा नाजी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी होता.

"इकडे ये, आई!"

"आलो!"

आवाज लहान मुलाचाच होता. पण नाजीचे ओठ मिटलेले होते. आवाज पायऱ्यांच्या खालून आला.

नाजी खाली बघून हसला. कुणाचा तरी हात धरावा तसा त्यानं हात पुढे केला आणि एक पायरी उतरला.

"आई, थांब!" ती धावत ओरडली. तोंडात दुसरा शब्दच येईना.

"आलो, आई," खालून उत्तर आलं. आता जवळून.

नाजी आणखी एक पायरी उतरला. तेव्हा कुठे तिच्या तोंडी नाव आलं. "नाजी!"

तो दचकून वळला. तिनं झडप घालून त्याला उचललं.

मिलाद आणि हन्ना धावत आले. "खाली मूल आहे," ती म्हणाली. हन्ना कपड्यांनिशी पाण्यात शिरला, बुड्या मारून आला. शेवाळ होतं, बुडालेल्या जुन्या खांबांचे दगड होते.

"कुणी नाही वहिनी. उन्हात चढली असेल."

"एका घोटात?" मिलाद म्हणाला. तो पायऱ्यांकडे बघत होता.

कोरड्या दगडावर ओली पावलं उमटली होती, लहान आणि अनवाणी. नाजीच्या पायांत तर सँडल होते. पावलं पाण्यातून वर आली होती आणि नाजीला उचललं तिथेच थांबली होती. बघता बघता ती उन्हात वाळून गेली.

नाजी खुशाल आहे, खातो, झोपतो. तरी दियालाचा जीव थाऱ्यावर नाही. तिनं बोलावलं आणि ते पाण्यातलं पोर गुणी लेकरासारखं ओ देत आलं. ती मात्र दुसऱ्यालाच उचलून निघून गेली. तिथे कुणाचं मूल बुडालं होतं, हे गावात कुणालाच ठाऊक नाही.

आता मिलाद तिला तिकडे जाऊ देत नाही. म्हणून सूरला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, तुम्हालाही सांगते आहे. मासळीबाजार ओलांडला की धक्क्याच्या टोकाला त्या पायऱ्या आहेत. घाई असली तरी जरा वाकून बघा. ते तिथेच उभं आहे का, एवढंच बघा.