लंगड्या पळतो

धाकट्याने पुढच्या भागातला बाजार खोडला आणि त्या जागी धुकं लिहिलं. ताईने सकाळीच सांगून ठेवलं होतं, बाजार नको. समोरच्या खुर्चीत ती दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत होती.

अकरा वर्षं दोघं मिळून हे वेबकॉमिक चालवत होते. धाकटा लिहायचा, ताई कागदावर शाईने काढायची, मग धाकटा ती पानं स्कॅन करून साइटवर चढवायचा. ओसाड पडलेल्या मुलखातून जुनी बस हाकत समुद्र शोधणारी ड्रायव्हरबाई आणि तिचा तीन पायांचा कुत्रा लंगड्या, एवढंच त्यांचं भांडवल. गेल्या काही महिन्यांत ताईने मात्र कथेत नको तितकं नाक खुपसायला सुरुवात केली होती. आधी तिने बसमधले प्रवासी एकेक करून उतरवायला लावले. मग बस बोगद्यात घालायला लावली, तर पान अख्खं काळं. कथा हल्ली फार खोल होत चालली आहे असं वाचक लिहीत होते, आणि ते श्रेय धाकट्याने मुकाट्याने खिशात घातलं होतं.

"आता बसमध्ये माणूस उरलं नाही," तो म्हणाला. "उद्या म्हणशील बसही नको."

"म्हणेन. चाकं गोल येत नाहीत."

तिने कप ठेवला, त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि कागदाच्या कोपऱ्यात एक गोल काढला. तो पोचा पडलेल्या पातेल्यासारखा आला. दुसरा काढला, तो त्याहून वाईट. मग ती बोलायला लागली, पुढच्या भागांचा आराखडा सांगावा तशी. दाताच्या डॉक्टरकडे म्हणून ती जात होती ती तिथे नव्हतीच जात. नसांचा आजार होता. डॉक्टरीणबाईंनी क्रम सांगितला होता: आधी उजवा हात, मग डावा, मग बोलणं, मग श्वास. औषध असं काही नव्हतं.

धाकट्याने पेनाचं टोपण शोधलं, लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते की. धुकं टाक म्हटलं, बोगदा टाक म्हटलं."

मग तिने शेवट विचारला. धाकटा म्हणाला, शेवटाला अजून दोन वर्षं आहेत. कथेला असतील, ती म्हणाली. तिला शेवटचा भाग आत्ताच काढायचा होता, हात ऐकतोय तोवर. मधलं नंतर जमेल तसं.

आयुष्यभर पुढचं पुढे बघू म्हणत आलेल्या माणसाला तिथल्या तिथे शेवट सांगावा लागला. शेवटच्या घाटात लंगड्या मरतो आणि ड्रायव्हरबाई समुद्रावर एकटी पोचते. हे मरण त्याने कितीतरी वर्षं जपून ठेवलं होतं, वाचक ढसाढसा रडतील म्हणून मनातल्या मनात खूशही होता. आता सांगताना त्याला आपलीच शरम वाटली. ताईने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

रोज सकाळी, हात ताजा असताना, ती दार लावून बसायची. काही आठवड्यांनी तिने पानं त्याच्यापुढे ठेवली. समुद्र होता. बसचं दार उघडं होतं, ड्रायव्हरबाई पायरीवर बसून बूट काढत होती. आणि शेवटच्या मोठ्या चौकटीत ओल्या वाळूवरून लंगड्या पळत होता, कान मागे, तिन्ही पाय हवेत. एकही रेघ थरथरलेली नव्हती.

"हा मेलाय," धाकटा म्हणाला. "घाटात मारलाय मी त्याला."

"आता नाही मारता येणार. दुसरं पान माझ्याकडून होणार नाही. कथा तू जुळव."

तो चिडला, खरोखरच चिडला. चिडणं त्यातल्या त्यात सोपं होतं. ही फसवणूक आहे, तो म्हणाला. शिवाय मधले भाग वाकडेतिकडे आणि शेवट एकदम सुबक, लोकांना वाटेल तुझा हात बरा झाला.

"वाटू दे ना," ताई म्हणाली. "कुणाला तरी वाटू दे."

मग त्याने कथा उलटीकडून विणायला घेतली. चाकं दिसू नयेत म्हणून बर्फ पाडला. उजवा हात गेला तेव्हा ताईने डाव्याने नुसत्या बसच्या काचा काढल्या. तिची जीभ जड झाली तेव्हा ड्रायव्हरबाईनेही बोलणं सोडलं. शेवटी धाकटाच काढू लागला, एक रस्ता, एक आडवी रेघ. पान तिच्यासमोर धरायचा आणि तिने डोळे मिटले की ते चांगलं, उघडे ठेवले की पुन्हा. घाट आला तेव्हा त्याने लंगड्याला बसच्या सीटखाली झोपवलं आणि हळूच पार नेलं. तोवर बरेच वाचक गळाले होते. उरलेले विचारत, ताईंची तब्येत बरी नाही का. तो उत्तर देत नसे.

ताईच्या आजारपणात भाड्याने आणलेली, आता रिकामी झालेली खाट दोन माणसं येऊन घेऊन गेली त्या दुपारी त्याने शेवटचा भाग साइटवर चढवला. खोलीत फरशीवर चार पायांच्या खुणा राहिल्या होत्या. त्या पुसाव्यात की नाही हे न ठरवताच तो स्क्रीनसमोर येऊन बसला.

कॉमेंटी धडाधड येत होत्या. लंगड्या पळतोय बघा, कुणी लिहिलं. कुणी म्हणालं, घाटात आम्ही श्वास रोखून धरला होता. मग एकाने लिहिलं की रेघ पहिल्यासारखी झाली, ताईंचा हात बरा झाला, त्यांना आमच्याकडून अभिनंदन सांगा. त्याखाली तेच लिहिणाऱ्यांची रांग लागली.

धाकट्याने बरंच काही लिहिलं आणि खोडलं. शेवटी "ताईला सांगतो" एवढंच लिहून पाठवलं.